हुशार

धारवाडहून निघताना सिस्टर म्हणाली,
"हुषारागिद्दाळे. नोडकोळ्ळि."
दावणगेरेकडची ती, तिची कन्नड मऊ.
मला अर्धी कळते,
उरलेली तिच्या हातांवरून वाचली:
सकाळची गोळी, रात्रीची,
आठव्या दिवशी परत,
आणि कागदावर पेनाने गोल केलेला नंबर,
कधीही, म्हणाली, रात्री दोनलाही.

हुशार.
हा शब्द आमच्या घरात बालवाडीपासून राहिला.
गौतमी हलगेकर, हुशार.
दहावीला ब्याण्णव,
गल्लीच्या तोंडाला तुझा फोटो लावलेला फलक,
पावसानं त्याचा रंग गेला तरी कुणी काढला नाही.
कन्नडात हुशार म्हणजे बरं असलेलं माणूस.
इतकी वर्षं बेळगावात राहून
मला हे स्टँडवर, बॅग उचलताना कळलं.

बसमध्ये कित्तूरपर्यंत तू झोपलीस.
मी तिकीट मुठीत धरून बसलो,
कुणी काढून घेईल असं.

घरी आईनं गोळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या,
चावी कमरेला.
न्हाणीघराची आतली कडी मीच काढली होती.
चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिली,
तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे.
"मी काय चोर आहे?"
रागावलीस ते बरं झालं.
महिनाभर तुला कशाचाच राग आला नव्हता.

आत्यानं सगळीकडे कावीळ सांगून ठेवलेली.
लोक उसाचा रस घेऊन आले,
मीठ नसलेली भाजी, मंतरलेला दोरा.
दोन दिवस आपण त्या काविळीचं पथ्य पाळलं.
तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस,
"पप्पा, ही भाजी आता कावीळवाल्यालाच द्या."
मग मी समोरच्या बाबू मुतगेकरला खरं सांगितलं.
तो बराच वेळ चप्पल पायात घालत राहिला.
म्हणाला, "आमच्या धाकट्याला कुणी विचारलंच नाही रे."

विचारा, असं डॉक्टरही म्हणाले होते.
सरळ विचारा. विचारल्यानं विचार येत नाही,
आलेला असला तर एकटा राहत नाही.
पण ते वाक्य माझ्या तोंडात बसेना.
उद्यमबागेत, फौंड्रीत, भट्टीच्या आवाजात
मी ते म्हणून बघितलं.
मरावंसं वाटतंय का?
साच्यांपुढे, ओतीव लोखंडापुढे.
मरावंसं वाटतंय का गे?
शेजारच्या मशीनवरचा शिवाप्पा ओरडला, "एनु?"
"एनिल्ला," म्हटलं. काही नाही.
ओतलेलं गार व्हायच्या आत साचा फोडू नये,
हे मला वीस वर्षं माहीत आहे.
तू लोखंड नाहीस, हे मात्र रोज नव्यानं शिकतो.

पाचव्या रात्री तू गॅलरीत होतीस.
मी विचारलं.
माझा आवाज फाटला, शब्द मागेपुढे झाले.
तू खाली रिक्षा वळेपर्यंत गप्प.
"दुपारी आलं होतं.
मग कागद काढला, चौथ्या ओळीपर्यंत गेले.
चौथ्या ओळीला स्मितालीचा नंबर आहे.
ती फोनवर अर्धा तास
केमिस्ट्रीच्या सरांची नक्कल करत बसली."
"आता?"
"आता कमी आहे.
पप्पा, रोज विचारणार?"
"रोज."
"मग जेवण झाल्यावर विचारत जा. आधी नको."

त्या दिवशी, महिन्यामागे,
तू दारातून जाताना काही बोलली नव्हतीस.
नंतर आईला तेच आठवत राहिलं:
येते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही.
कन्नडातही कुणी जातो म्हणत नाही,
होगि बर्तीनि म्हणतात, जाऊन येतो.

आज आठवा दिवस. धारवाडची बस साडेसातची.
मी रजेचा अर्ज खिशात घालतोय, तुझा डबा सापडत नाही,
आई पेटीची चावी शोधतेय, जी तिच्याच कमरेला आहे,
आणि तू चपला घालून पायरीवर,
स्मितालीला फोनवर सांगत्येस:
"संध्याकाळी ये. वही आण. हो गे, येते मी."

मी डब्याचं विसरलो.