काठीवरचा चेंडू

आमच्या गावात राक्षस आले ते सतरा ट्रकांतून.
त्यांना मारणारा मागाहून आला,
पांढऱ्या गाडीतून, काचा वर करून.

कार्पेथियन डोंगरातलं गाव आमचं. घरं चाळीस,
धुरांडी पेटतात अकरा.
पोरं इटलीत परक्यांचे म्हातारे सांभाळतात,
स्पेनमध्ये स्ट्रॉबेऱ्या खुडतात.
सिनेमावाल्यांना असंच ओसाड गाव हवं होतं;
तरी त्यांनी वरून कोळिष्टकं फवारली, पिचकारीनं.

मला दिवसाला दोनशे लेई,
माझ्या मुर्गूला तीनशे.
घोड्याला अनुभव आहे, म्हणाले.

चर्चमागे थर्माकोलची थडगी उभी केली.
वारा सुटला की उडायची,
आणि आम्ही ओढ्यापर्यंत धावत जाऊन
कुणाकुणाची नावं काखोटीला मारून परत आणायचो.

टिबोर नावाचा एक होता, क्लूजचा.
सकाळी लांडगा. अंगात घट्ट राखाडी पायजमा,
तोंडभर पांढरे ठिपके.
"केस मागाहून उगवतील," म्हणायचा, "संगणकात."
दुपारी शिकाऱ्याचा कोट घालून
शिकाऱ्याऐवजी कड्यावरून पडायचा.
आठवडाभर त्यानं स्वतःलाच मारलं
आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर बसून
दोन दोन वाडगे चोरबा ओरपला.

शेवटच्या रात्री सगळ्यात महागडा राक्षस.
एका पोऱ्यानं लांब काठी उभी धरली,
टोकाला टेनिसचा पिवळा चेंडू.
"हा त्याचा डोळा," भोंग्यातून आवाज आला. "घाबरा."
आम्ही घाबरलो.
पहिल्यांदा हसू फुटलं. दुसऱ्यांदा थंडी वाजली.
सहाव्यांदा कुणी हसत नव्हतं.

परस्कीवा तेवढी ओरडली नाही.
चेंडूकडे बघत राहिली,
डोक्यावरचा रुमाल नीट केला
आणि हळूच म्हणाली, "एवढा उशीर?"

भोंगा खूश. "आजी, सुंदर! पुन्हा एकदा, अगदी तस्संच."
"पुन्हा कसं," ती म्हणाली, "तो गेला की."
आणि कुणालाही न विचारता
यंत्रातल्या धुक्यातून घरी निघाली,
चिखलाचे बूट हातात घेऊन.

सिनेमा आम्ही ब्राशोवला जाऊन पाहिला, नऊ जण, एका व्हॅनमधून.
चेंडूच्या जागी पंख होते, दात होते, जाळ होता.
आमची किंकाळी शिंकेएवढी.
मध्येच मुर्गूची मान दिसली;
आम्ही टाळ्या पिटल्या, पुढच्या रांगेनं शुक् शुक् केलं.
परस्कीवाला कापून टाकलं होतं.
ती आलीच नव्हती बघायला.

चेंडू ट्रकवाले विसरून गेले.
दिवसा पोस्टमनचं कुत्रं त्याच्याशी खेळतं,
अंधारात तो पडेल तिथं पडून राहतो,
कुंपणापाशी, पिवळा.
रात्री तबेल्याकडे जाताना मी लांबून वळसा घालतो.
मुर्गू सरळ चालतो.
त्याला अनुभव आहे.