फलानुभवी

खानापूर कचेरीच्या पायरीशी, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं स्टूल. मी लोकांचे अर्ज लिहितो,
मराठीत ऐकून, कानडीत.
लाभार्थ्याला कानडीत फलानुभवी म्हणतात.
पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो शब्द मला
कुणा संताचा वाटला होता.

तुळसा घाडी आली ती पिशवीत
रेशनकार्ड, पासबुक आणि भिंतीचं एक ढेकूळ घेऊन.
पुरावा म्हणून.
ढेकूळ नको मावशी, म्हटलं, फोटो लागतो.
घराला ते मने म्हणतात.
मी लिहिलं, मने बिद्दिदे, घर पडलंय.
मराठी कानाला भलतंच ऐकू येतं,
पण रकाना लहान होता.

इंजिनीअर टेप घेऊन आला. पडझड टक्क्यांत मोजतात.
उभी राहिलेली एक भिंत
तिच्या विरुद्ध साक्ष देत होती.
रात्री तीही बसली. कशी, ते मी विचारलं नाही.
तुळसाच्या तळहातांना फोड होते.

मग पंचायतीत यादी लागली.
घाडीची गाडी झालेली. तुळसव्वा गाडी.
आधारला घ, यादीत ग,
गाडीला घर कसं देणार? म्हणत क्लार्क स्वतःच हसला,
मग हसू आवरून : अ‍ॅफिडेव्हिट आणा. नाळे बन्नी.
नाळे म्हणजे उद्या.
तीन महिने ती उद्याच येत राहिली,
हलशीची नऊची बस धरून.

पहिला हप्ता पायाच्या फोटोवर.
पाया होता की! सासऱ्यानं घातलेला, काळ्या दगडाचा,
मलप्रभेच्या पाण्यालाही न हललेला.
जुना चालत नाही, साहेब म्हणाले, नवा दिसला पाहिजे.
तर चार गड्यांनी दोन दिवस खपून
चांगला पाया उखडला
आणि तेच दगड पुन्हा बसवले,
वरून सिमेंटचा ओला हात.

फोटोच्या आधी तिनं माझ्या हातात खिळा दिला.
चौथीपर्यंत शिकलेली बाई.
नाव घाल माझं, म्हणाली,
आणि घ नीट काढ. ग दिसता कामा नये.
वाकून काढला. मराठीतच. अर्ज नव्हता तो.

मग नंबराची पाटी छातीशी धरून ती उभी राहिली.
साहेबांनी मोबाइल वर केला.
थोडं मागं, म्हणाले,
अजून थोडं.

फोटोत अक्षरं दिसत नाहीत.
तिचे पाय आहेत त्यांच्यावर.