आतील वस्तू

म्हापशात बाजारामागे, चपलांच्या दुकानावर
माझं कुरिअरचं काउंटर.
एक वजनकाटा, एक पंखा,
आणि भिंतीवर न चालणाऱ्या वस्तूंची यादी:
फटाके, बॅटऱ्या, रोकड, जिवंत प्राणी, दारू.
यादी माझ्याआधीची आहे. मी फक्त धूळ पुसतो.

नाताळाला नऊ दिवस होते
तेव्हा हळदोण्याहून पिएदाद बाय आली.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात बाटली,
बाटलीत परसातल्या जांभळांची वाइन,
जूनमध्ये घातलेली.
सावकाश पत्ता लिहिला, शाळेतल्या मराठीत:
कुमुदिनी नार्वेकर, वर्धा.
'आतील वस्तू' या रकान्यापाशी पेन अडलं.
"काय लिहू?"
"खरं लिहिलंत तर ही जाणार नाही."
"आणि खोटं?"
"तर मी जाईन."

मग समजावलं, रोज कुणाला तरी समजावतो तसं:
परवाना काढा, बिल ठेवा,
दोन बाटल्या हातात धरून पात्रादेवीचा नाका ओलांडा,
कुणी अडवणार नाही.
पण बाटली एकटी जाऊ शकत नाही.
आणि वर्ध्यात तर अख्ख्या जिल्ह्याला बंदी.
(घरच्या वाइनला बिल कुठलं,
हे तिनं विचारलं नाही, मीही नाही.)

"आमच्या लहानपणी पोरींचं असंच होतं," ती म्हणाली.
"एकटी नको. सोबत कोण आहे?"

बसली स्टुलावर. पाणी प्यायली.
एकतीस वर्षं दोघींनी मिळून घातली ही वाइन.
जांभळं चेचायची पिएदादनं,
साखर मोजायची कुमुदिनीनं, वाटीनं, वर बोट फिरवून.
बरणी पिएदादच्या कोठीत.
नार्वेकरांच्या घरात कुणाला पत्ता नाही,
देवघरालासुद्धा नाही.
नवरा गेल्यावर मुलानं तिला वर्ध्याला नेलं.
आता फोनवर हळू आवाजात विचारते,
रंग कसा आलाय यंदा?

"गुडघे बरे असते तर मीच गेले असते.
मलाच कर पार्सल. किती होतील?"
मी काट्याकडे बघितलं. चुकून.

उठता उठता थांबली.
"व्हिनेगर चालतं?"
यादी वाचली, वरून खाली. व्हिनेगर नव्हतं.
"चालतं. गळायला नको."
"हीच बाटली? आंबली तर?"
"हीच बाटली."
"मग किती दिवस थांबायचं?"
ते मला सांगता येईना.
कुठल्या रात्री दारूची दारू राहत नाही
हे सरकारनं भिंतीवर लावलेलं नाही.

चार महिने ती खिडकीत होती, नंतर कळलं,
बूच काढून, तोंडाला मलमलची चिंधी बांधून.
चिलटं आली. वर साय धरली.
चांगली वाइन अशी मुद्दाम नासवताना
बघवत नव्हतं म्हणे, म्हणून तिनं पडदा ओढला.

एप्रिलात आली. रस्त्याला काजूबोंडांचा वास.
मी बूच उघडलं, नाकात झणका गेला.
रकाना तिनं न अडखळता भरला:
जांभळाचं व्हिनेगर, घरगुती, पाऊण लिटर.
मी शिक्का मारला.
पाच दिवसांत पोचलं, कुणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात पोस्टकार्ड दाखवायला आली.
चष्मा विसरली होती, की तसं म्हणाली,
म्हणून मीच वाचलं मोठ्यानं, पंखा बंद करून:
'मुलगा काकडीवर घालून खातो,
म्हणतो, मधुमेहाला बरं.
मी रात्री चमचाभर घेते, नुसतंच.
पिएदाद, तू साखर एक वाटी कमी घातलीस.'

मी विचारलं, "खरंच?"
"दीड," ती म्हणाली.
"मोजायला कोण होतं?"