नुकसानीचा रकाना

विजयकर गेले टोरांटोला, लेकीकडे, थंडी संपेपर्यंत.
त्यांची थंडी. आपल्या माझगावात
डिसेंबर म्हणजे पहाटे पंखा पाचावरून तिनावर,
एवढंच.
किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले,
"मांडवकर, तुम्हाला उंदीर कळतात."

कळतात. एकतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो.
खजूर, रबर, कागदाची रिळं, साबुदाणा,
प्रत्येक चलनावर शेवटी एक अरुंद रकाना असायचा:
मूषक-नुकसान.
तो मी भरायचो.
उंदीर साखरेआधी पोतं खातो, पोत्याआधी शिवण.
हे एकाही साहेबाला माहीत नव्हतं.

मरून झेन पाण्याच्या टाकीमागे उभी.
विजयकरांनी यादी दिली, सुवाच्य अक्षरात,
आणि डॅशबोर्डच्या खणात तिची दुसरी प्रत.
डांबरगोळ्या मोज्यात बांधून इंजिनापाशी.
तंबाखूची पानं अख्खी, चुरा नको.
सायलेन्सरच्या तोंडाला जाळी
(चालू करण्याआधी काढायला विसरू नका).
दर रविवारी दहा मिनिटं इंजिन.

यादी बरी होती. पण गाडीवाल्याची होती.
मी आधी टाकीखालची बिळं बुजवली,
सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा कालवून.
फिलोमिनाबाईंना म्हटलं, बोक्याला गाडीखाली जेवण घाला.
बोका बांगड्याचं डोकं खाऊन
बॉनेटवर झोपला, महिनाभर.
सुदाम वॉचमन म्हणाला,
"काका, ह्यालापण पेन्शन लागलीय."

मला गाडी चालवता येत नाही.
विजयकरांना ठाऊक आहे; म्हणून तर किल्ली माझ्याकडे.
रविवारी आठला आत बसतो,
न्यूट्रल आहे ना, दोनदा बघतो, मग फिरवतो.
समोर भिंत. भिंतीवर पोरांनी विटेनं ओढलेले तीन स्टंप.
दहा मिनिटं खाली सगळं थरथरतं
आणि स्टंप जागच्या जागी.
एकदा हॉर्न वाजवला. चुकून नाही.

जानेवारीचा दुसरा रविवार.
त्या दिवशी आधी बॉनेट का उचललं, सांगता येत नाही.
बॅटरीच्या मागे, वाटीएवढं घरटं.
मोजा उसवून लोकर घेतलेली,
डांबरगोळ्या एका बाजूला, मोजून ठेवल्यासारख्या.
तळाशी तंबाखूचं पान, अख्खं.
सीटचा स्पंज. आणि वर कागद, बारीक बारीक,
एका तुकड्यावर सुवाच्य "विस"
आणि दुसऱ्यावर "रू नका".
आत सहा जण.
उकडलेल्या शेंगेतले दाणे असावेत तसे,
गुलाबी, ओलसर, डोळे अजून आलेलेच नाहीत.

आठ वाजून चार मिनिटं. किल्ली हातात.
गोदीत असतो तर हाक मारली असती:
झाडूवाला, बादली, रकाना, सही.
बोका कठड्यावरून बघत होता.
मी बॉनेट टेकवलं, हळू,
जसं झोपलेल्या घराचं दार ओढतात,
आणि बोक्याला उचलून वर घेऊन गेलो.
फार जड होता.

साडेआठला फोन. तिकडे शनिवारची रात्र.
"गुडघाभर बर्फ आहे हो. चालू केलीत गाडी?"
केली, म्हटलं.
"काही कुरतडलं वगैरे?"
निल, म्हणालो मी.
एकतीस वर्षांत त्या रकान्यात
हा शब्द एकदाही लिहिला नव्हता.

पुढचे तीन रविवार
नुसताच जाऊन बसलो, किल्ली खिशात.
स्टंप बघितले.
चौथ्या रविवारी घरटं रिकामं,
कागद दबलेला, सहा अंगांच्या मापाचा.
बॅटरी उतरली होती. धक्का मारायला सुदामला सांगावं लागेल,
आणि सुदाम विचारेल.
एका वायरचं लाल आवरण सोललेलं, तीन बोटं,
आतली तांब्याची तार लखलखीत.
काळी टेप गुंडाळली, घट्ट, दोन पदरी.
कात्री वर राहिली होती,
दातानं तोडली.