धरणापेक्षा उंच

एकेकाळी मी धरणापेक्षा उंच होते.
खोटं वाटेल, पण पाया भरला तेव्हा
भिंत माझ्या गुडघ्याला लागायची,
आणि मी तिच्यावरून उडी मारून
पलीकडं बापाची भाकरी पोचवायची.

आम्ही जतकडचे वडार. तिकडं दगड होता, पाणी नव्हतं.
कोयनेला दोन्ही आहे म्हणून कुणी सांगितलं,
निघालो. तीन गाढवं, एक पहार, दोन सुतक्या,
आणि आईच्या पोटात भाऊ.
हेळवाकच्या वरच्या अंगाला
दगडमातीची लांबलचक रांग, वर पत्रे.
आमची पाचवी खोली.

बापाला पितळी बिल्ला मिळाला: अकराशे सत्तेचाळीस.
मुकादमाला नावं पाठ होत नसत.
वर्षभरात असं झालं की यल्लाप्पा म्हटलं तर बाप वळेना,
आणि आकडा म्हटला की घरातसुद्धा उठून उभा राही.
आई आधी चिडली. मग तीही चुलीपुढून:
"ओ सत्तेचाळीस, मीठ आणलंसा का?"

दुपारी सुरुंग.
पहिला भोंगा झाला की गाढवं बांधायची.
दुसऱ्याला पोरं मोजायची.
तिसऱ्यानंतर कुणी बोलायचं नाही.
आई भावाच्या कानांत बोटं घालून बसायची,
तिचे स्वतःचे कान उघडेच.
पुढं ती बहिरी झाली. त्यावर एवढंच म्हणायची,
"धरणानं घेतलं कान. वापरतंय तर वापरू दे."

आमच्याकडं वर्षं नव्हती, ब्लॉक होते.
भाऊ जन्मला बाराव्या ब्लॉकला.
दुर्गव्वा मावशीनं नवरा सोडला, क्रेनचा दोर तुटला त्या आठवड्यात.
मी शहाणी झाले तेव्हा भिंत
साहेबाच्या बंगल्याच्या खिडकीला टेकली होती.
शाळेत मास्तरांनी भावाची जन्मतारीख विचारली.
बाप म्हणाला, "लिवा, बारावा बलॉक."
मास्तरांनी एक जून लिहिलं.

पावसाळ्यात काम बंद, हजेरी बंद.
चार महिने पायाला जळवा आणि दुकानात उधारी.
नदी फुगली की साहेब खूश व्हायचे.
आई दारात उभी राहून नदीला शिव्या घालायची, आमच्या भाषेत,
म्हणजे नदीला कळू नयेत.

शेवटच्या वर्षी एका रात्रपाळीला
मी डबा घेऊन वर गेले. आता चढायला पाव तास लागायचा.
दिव्याखाली ओलं काँक्रीट, वाफ निघत असलेलं.
बापानं इकडंतिकडं बघितलं,
गळ्यातला बिल्ला काढला
आणि अंगठ्यानं आत दाबला,
कणकेत पुरण भरावं तसा.
"कुणाला बोलू नगं," एवढंच.

काम संपलं. बिल्ले जमा करा म्हणाले.
बाप म्हणाला, हरवला.
पाच रुपये कापले.
पाच रुपये म्हणजे तेल आणि गूळ; आई दोन दिवस बोलली नाही.
मला तोंड उघडता येत नव्हतं.
मग गाढवं हाकली. दोनच उरली होती.

सदुसष्ट साली भुई हलली तेव्हा
आम्ही माणच्या बाजूला एका तलावावर माती ओढत होतो.
सकाळी मुकादमाच्या रेडिओभोवती सगळे वडार गोळा.
बाप गर्दीतनं घुसला, विचारलं,
"भित्त?"
भिंत उभी आहे, कुणीतरी म्हणालं.
बाप खाली बसला. उजवा अंगठा
डाव्या मुठीत धरून.

आईला रेडिओ ऐकू येत नव्हता.
ती एकेकाचं तोंड बघत फिरत होती,
आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात
ज्याला त्याला विचारत होती,
"आमच्या पाचव्या खोलीत
आता कोण ऱ्हात हुतं?"