शेवटचा तांब्या

उचगावच्या बोअरचं पाणी
दिसायला काचेसारखं.
बादलीच्या तळाची भेगसुद्धा दिसते.
पण डोक्याला साबण लावा,
फेस नाहीच. करडा चोथा येतो,
नासलेल्या दुधासारखा,
आणि केस असे चिकट,
जणू विझवलेली मेणबत्ती कुणी त्यात पुसली.

शिरोलीला फौंड्रीत मी कोअर-शॉपला.
आठ तास वाळू. डोक्याला स्कार्फ, स्कार्फावर टोपी,
तरी वाळू घरी येतेच माझ्याबरोबर,
पगाराच्या आधी.

शाम्पूनं टाळू सोलवटली,
म्हणून दिलशाद मुल्लाणीकडची वडी,
खोबरेल-एरंडाची, सुरीनं कापलेली,
एक कोपरा जाड, एक बारीक.
महिन्याभरानं तिच्या दारात उभी राहिले :
तुझा साबण खोटा आहे.

ती लसूण सोलत होती.
"साबण खोटा न्हाई गं.
त्यो निघतो मळाकडं जायला,
वाटंत पाण्यातला चुना भेटतो,
आन् तितंच गप्पा हाणत बसतो.
मळ ऱ्हातो बाजूला,
आन् ही दोघं येऊन बसत्यात तुज्या डोक्यावर."

मला आमचे हे आठवले,
दुधाला म्हणून गेलेले, तिकटीवर.

पद्मलला फोन केला, बावड्याला :
झऱ्याचं पाणी पाठव.
हसली खूप. तरी पाठवलं,
शेंगतेलाचे दोन कॅन, कंडक्टरच्या सीटखाली,
आणि वर्तमानपत्रात बांधलेली आमसुलं.
"पाणी संपंल. ही पुरतील."

स्टँडवरून मोपेडवर आणले दोन्ही, पायात धरून.
ह्यांनी उभ्या उभ्या चार पेले प्याले. गोड आहे म्हणाले.
सासूबाईंनी तूर घातली,
सोडा न टाकता मऊ झाली
म्हणून दुसऱ्या दिवशी परत घातली,
मग मसूर, मग शेजारच्यांना वाटीभर पाणी नमुन्याला.
रविवारी कॅन तिरका केला
तर एक तांब्या भरला. तोही कसाबसा.

बोअरचंच तापवलं मग.
साबण. चोथा. पाणी, पाणी, पाणी.
रात्री भिजवलेल्या आमसुलांचं लाल पाणी गाळून
मुळाशी ओतलं. टोपीचा पट्टा घासतो
तिथं झोंबलं, चांगलंच.
बोटं फिरवत राहिले,
आणि कानामागं कुठंतरी
एक बट कर्र वाजली.
मग दुसरी.

शेवटी तो तांब्या.
त्यानं काय केलं, खरं सांगते, माहीत नाही.
काम आमसुलानं आधीच केलं होतं.
तरी मी तो धार बारीक करून ओतला,
निम्मा डाव्या खांद्यावरून.

आता उंबऱ्यावर बसलेय. केस वाळताहेत.
फणीच्या दातांच्या बुडाशी
गेल्या महिन्याचं पांढरं अजून आहे.
टाचणीनं काढतेय, एकेक दात.
आतून सासूबाई,
"डाळ उरलीया कालची.
खातीस का मी खाऊ?"