नाही म्हटलेल्यांची वही

एनिफा मावशी सात वर्षं 'नाही' म्हणत होती.
न्खाता बेच्या धक्क्यावर
तिच्या बांबूच्या मांडवांवर वाळणारा उसिपासुद्धा
तिच्या त्या शब्दापुढे ओला वाटायचा.

माझ्या फीचे पैसे मागायला आईनं मलाच पाठवलं.
म्हणाली, पोरीचं तोंड बघून तरी विरघळेल.
मावशी मासे उलटत होती, मूठमूठ.
'पैसे आहेत,' म्हणाली. 'देणार नाही.'
खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

ते सत्र मी घरी काढलं, कसावा कुटत.

त्याच वर्षी म्वेरा वारा तीन आठवडे हटला नाही.
होड्या वाळूवर पालथ्या.
उसनं दिलेले उसनं मागत हिंडत होते,
घेतलेले तिन्हीसांजेला वाट बदलत होते,
आणि हिशेब लावला तर
सगळेच सगळ्यांचे देणेकरी,
एकाच रिकाम्या पातेल्याभोवती बसलेले.
धूर फक्त मावशीच्या चुलीवर.
लोक म्हणाले, बाई धुरालाही कुलूप लावेल.

चितेंजेच्या गाठीतून डब्यात,
डब्यातून म्झुझुच्या बँकेत.
आधी एक जाळं. मग अर्धी होडी,
मग उरलेली अर्धी.
मग पावसात मासा कुजू नये म्हणून
पारदर्शक छपराची लांबच लांब शेड.
चप्पल तीच, तारेनं शिवलेली.

आठव्या वर्षी एका रविवारी, प्रार्थनेनंतर,
ती दारोदार निघाली. काखेत शाळकरी वही,
कोपरे माशांच्या तेलानं आरपार झालेले.
आम्हाला वाटलं, वसुली.
पण वहीत एकही देणेकरी नव्हता.
होती ती नाही म्हटलेल्यांची नावं:
तारीख, रक्कम, कशासाठी.

लिव्हनेस, जाळ्याचा दोरा.
बहीण मालिता, पोरीची फी.
म्हातारा म्होने, नातवाच्या कानाचं औषध.

रोकड तिनं कुणालाच दिली नाही.
शेडमधला एकेक मांडव दिला,
दोन हंगाम बिनभाड्याचा,
आणि एकच अट घातली:
'विकलेल्या माशांतली पहिली मूठ बाजूला.
ती तुझी नाही, माझीही नाही.
ती वाऱ्याची.'

आईनं मांडव घेतला, तोंडातून अवाक्षर न काढता.
बहिणीच्या घरी ती अजून पाणी पीत नाही.
म्होनेनं दार उघडलं नाही.
त्याचा नातू अंगणात खेळत होता,
मावशीनं हाक मारली, तो वळला नाही,
कारण त्या बाजूनं त्याला ऐकूच येत नाही.
त्या नावापुढे अजून काही लिहिलेलं नाही.
दर रविवारी ती तिथं थोडी उभी राहते
आणि चालू लागते.

मी एकदा विचारलं, तेव्हा द्यायला काय झालं होतं?
'एक सत्र शिकली असतीस.
पुढच्या सत्राला आपण दोघी मिळून
कुणाचं दार वाजवलं असतं?'
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
पण त्या सत्रात वर्गात अपूर्णांक शिकवले होते.
आज एकवीस मांडवांचा हिशेब मी ठेवते,
आणि कुणाचा वाटा पावणेतीन निघाला
की गुपचूप बोटांवर येते.

काल लिव्हनेसची धाकटी आली.
एका पायावर दुसरा पाय ठेवून,
मी उभी होते तशीच.
मी वाऱ्याचं पान उघडलं. बेरीज दोनदा केली.
'पैसे आहेत,' मी म्हणाले,
आणि पुढचा शब्द घशाशी येऊन
क्षणभर तिथंच बसला.

मांडवाशी मावशी पाठमोरी होती.
तिचे हात माशांत थांबले होते.